कराराचे क्रियापद
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त मराठीच्या अध्यापकाला बोलावले म्हणजे तो संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलेल, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र ‘प्रादेशिक व्यापार करारांतील पर्यावरणविषयक तरतुदी’ हा विषय निवडला आहे. हा प्रांत अर्थशास्त्राचा आणि कायद्याचा आहे, हे मी जाणतो. तथापि करार हाही अखेर शब्दांचा ग्रंथ असतो. त्याचा अर्थ कोश आणि व्याकरण यांवाचून लागत नाही. किंबहुना, पर्यावरणाच्या तरतुदींचे सारे बळ किंवा सारी दुर्बलता बहुधा एका क्रियापदात सामावलेली असते. एवढ्या एका बाजूने या विषयाकडे पाहण्याचा अधिकार भाषेच्या अभ्यासकाला आहे, असे मला वाटते. दुसरे कारण आपल्या गावाशी निगडित आहे. बेळगावच्या फाउंड्रीत ओतलेले लोखंड परदेशी बंदरात कोणत्या अटीवर उतरेल, हे आता याच शब्दांवर ठरू लागले आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

प्रथम पूर्वपीठिका. दोन किंवा अधिक देश आपापसांत जकाती कमी करतात, आणि त्याला आपण प्रादेशिक अथवा मुक्त व्यापार करार म्हणतो. १९४७ च्या जागतिक व्यापार कराराने, म्हणजे ‘गॅट’ने, अशा करारांना २४ व्या कलमात वाट ठेवली. त्याच कराराच्या २० व्या कलमात अपवाद आहेत. माणसांचे, प्राण्यांचे, वनस्पतींचे जीवित व आरोग्य रक्षण्यासाठी, तसेच संपुष्टात येणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या जपणुकीसाठी देशाला व्यापारावर बंधने घालता येतात. अट एवढीच की, ती मनमानी नसावीत आणि छुप्या संरक्षणाचे सोंग नसावीत. ‘पर्यावरण’ हा शब्द त्या कलमात कोठेही नाही. पुढच्या साऱ्या वादांचे मूळ मात्र तेथेच आहे.

या वादातील एका महत्त्वाच्या खटल्यात आपला देश स्वतः वादी होता. अमेरिकेने १९८९ मध्ये कायदा केला की, ज्या देशांच्या कोळंबीच्या जाळ्यांत समुद्री कासवे अडकून मरतात, त्या देशांची कोळंबी आयात करावयाची नाही. जाळ्याला कासव सुटून जाण्याचे दार बसवा, ही अट होती. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ मध्ये अपील मंडळाने निर्णय दिला, तो मार्मिक आहे. कासवांचे रक्षण हा हेतू मंडळाने २० व्या कलमात बसवला. अंमलबजावणीतील पक्षपात मात्र दोषी ठरवला. कॅरिबियन परिसरातील देशांशी अमेरिकेने वाटाघाटी केल्या होत्या आणि त्यांना जाळी बदलण्यासाठी तीन वर्षे दिली होती. आशियातील देशांच्या वाट्याला सुमारे चार महिने आले. ज्यांच्याशी बोलणी झाली त्यांना मुदत मिळाली, आणि ज्यांच्याशी झाली नाहीत त्यांना हुकूम मिळाला. मोरजी, गालजीबाग आणि वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, हे आपण जाणतो. म्हणून हा खटला आपल्याला दूरचा वाटू नये. तो ध्यानात ठेवावा, अशी माझी विनंती आहे. पुढील विवेचनाचा धागा त्यातच आहे.

आता प्रादेशिक करारांकडे वळू. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा ‘नाफ्टा’ करार १ जानेवारी १९९४ पासून अमलात आला. कारखाने कडक कायद्याच्या देशातून सैल कायद्याच्या देशात जातील, अशी त्या वेळी अमेरिकेत भीती होती. म्हणून मूळ करारासोबत पर्यावरण सहकार्याचा एक जोडकरार करण्यात आला आणि मॉन्ट्रियल येथे त्यासाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. या जोडकरारात एक अभिनव गोष्ट होती. आपले सरकार स्वतःचाच पर्यावरण कायदा पाळीत नाही, अशी तक्रार कोणाही नागरिकास किंवा संस्थेस आयोगाकडे करता येई. आयोग चौकशी करून वस्तुस्थितीचा अहवाल प्रसिद्ध करू शके. शिक्षा मात्र नव्हती.

१९९६ मध्ये मेक्सिकोतील काही संस्थांनी या वाटेने कोझुमेल बेटावरील प्रवासी जहाजांच्या धक्क्याविरुद्ध तक्रार केली. तेथील प्रवाळांना धोका होता. त्याच वर्षी मेक्सिकोने तेथील प्रवाळांचे क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केले, आणि १९९७ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. धक्का मात्र बांधला गेलाच. दात नसलेल्या तरतुदीने काय साधते आणि काय साधत नाही, या दोन्हींचे हे उदाहरण आहे.

आता त्याच कराराच्या ११ व्या प्रकरणातील दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. १११४ वे कलम म्हणते की, गुंतवणूक ओढून घेण्यासाठी पर्यावरणाचे नियम शिथिल करणे अनुचित आहे, कोणत्याही देशाने तसे करू नये. कोणी केलेच, तर दुसऱ्या देशाने सल्लामसलत मागावी. आणि १११० वे कलम म्हणते की, भरपाई दिल्याखेरीज कोणताही देश परकीय गुंतवणूकदाराची मालमत्ता हिरावून घेणार नाही. पहिल्या वाक्यात उपदेश आहे, दुसऱ्यात बंधन आहे. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर पहिले वाक्य विध्यर्थी आहे, ‘करावे’ आणि ‘करू नये’ या घरचे. इंग्रजी कायद्यातील ‘शॅल’ आपल्या मराठी अधिनियमांत ‘करील’ असे उतरते, आणि ‘करील’ या साध्या भविष्यकाळात सक्ती दडलेली असते. दुसरे वाक्य त्या जातीचे आहे.

हा व्याकरणाचा फरक किती महाग पडतो, ते मेक्सिकोने अनुभवले. सान लुइस पोतोसी राज्यात एका अमेरिकन कंपनीने घातक कचऱ्याचे भरावक्षेत्र उभारले होते. स्थानिक नगरपालिकेने परवाना नाकारला. पुढे १९९७ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी तो प्रदेश दुर्मीळ निवडुंगांसाठी संरक्षित म्हणून घोषित केला. कंपनी लवादाकडे गेली आणि २००० मध्ये लवादाने मेक्सिकोला सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलर भरपाई देण्यास सांगितले. नंतर कॅनडातील न्यायालयाने निवाड्याचा काही भाग रद्द केला, तरी भरपाईचा मोठा हिस्सा कायमच राहिला. निवडुंगाच्या बाजूने ‘करू नये’ होते आणि कंपनीच्या बाजूने ‘करणार नाही’ होते. निकाल कोणाकडे झुकावा, हे वेगळे सांगावयास नको.

येथून कोणी असा निष्कर्ष काढील की, पर्यावरणाची तरतूद सक्तीची केली की प्रश्न सुटला. पेरूचे उदाहरण या घाईला आवर घालते.

अमेरिका आणि पेरू यांचा व्यापार करार १ फेब्रुवारी २००९ रोजी अमलात आला. त्याला वनव्यवस्थापनाचे एक सविस्तर परिशिष्ट जोडलेले आहे. ॲमेझॉनच्या जंगलातून महोगनी आणि सीडर यांची चोरटी तोड होत असे. तिला आळा घालण्यासाठी पेरूने काय करावयाचे, याची यादीच त्यात आहे. झाडतोडीच्या परवान्यांवर देखरेख ठेवणारी संस्था स्वतंत्र राहील, हे त्यात आहे. अमेरिकेला विशिष्ट मालाची पडताळणी मागता येईल, हेही आहे. आणि ही सारी ‘करील’ची भाषा आहे. वनांविषयी इतके बंधनकारक शब्द तोवरच्या व्यापार करारांत क्वचितच आले असतील.

परंतु कराराच्या अंमलबजावणीसाठी म्हणून मिळालेल्या अधिकारात पेरूच्या सरकारने २००८ मध्ये जे वटहुकूम काढले, त्यांत वनजमिनींविषयीचेही होते. आपल्या जमिनी आणि जंगले बाहेरच्यांना खुली होणार, असे ॲमेझॉनमधील आदिवासींना वाटले. त्यांना कोणी विचारले नव्हते. आंदोलन पेटले. ५ जून २००९ रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक पर्यावरण दिनी, बाग्वा येथे चकमक होऊन ३३ माणसे प्राणांस मुकली. त्यांत पोलीस अधिक होते आणि आदिवासी व इतर नागरिकही होते. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पेरूच्या संसदेने वादग्रस्त वटहुकूम मागे घेतले. जंगल वाचविण्याचे वचन देणारा करार, आणि जंगलात राहणाऱ्यांचेच रक्त! कराराची कलमे दोन सरकारांनी मिळून लिहिली होती. ज्यांच्या अंगणात ती उतरायची होती, त्यांना त्यांचे वाचन कोणी करून दाखविले नव्हते.

तरीही या परिशिष्टाने पुढे काम केले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये अमेरिकेने एका जहाजातील लाकडाची पडताळणी मागितली, आणि २०१७ मध्ये त्या निर्यातदाराचे लाकूड बंदरात अडविण्याचा आदेश निघाला. डिसेंबर २०१८ मध्ये पेरूच्या सरकारने देखरेख संस्थेचे स्वातंत्र्य काढून तिला एका मंत्रालयाच्या हाताखाली घातले, तेव्हा अमेरिकेने जानेवारी २०१९ मध्ये करारातील पर्यावरण प्रकरणाखाली सल्लामसलत मागितली. अमेरिकेने अशी मागणी प्रथमच केली होती. काही महिन्यांत पेरूने तो निर्णय फिरविला. बंधनकारक शब्द हे असे करू शकतो. मात्र हेही पाहावे की, शब्द वापरण्याची सत्ता बाजारपेठ ज्याची मोठी त्याच्याच हाती राहिली.

यापुढचा टप्पा हवामानाचा आहे. नाफ्टाची जागा घेणारा करार १ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात पर्यावरण जोडकरारातून मूळ संहितेत आले, आणि तंटानिवारणाची यंत्रणाही त्याला लागू झाली. पण पर्यावरणाच्या त्या संपूर्ण प्रकरणात हवामानबदलाचे नाव नाही. कधी कधी संहितेतील मौनच अधिक बोलके असते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे. उलट, युरोपीय संघ आणि न्यूझीलंड यांचा १ मे २०२४ पासून लागू झालेला करार पाहा. २०१५ च्या पॅरिस कराराचा गंभीर भंग झाल्यास शेवटचा उपाय म्हणून व्यापारी निर्बंध लादण्याची सोय त्यात आहे. कोस्टारिका, आइसलँड, न्यूझीलंड आणि स्वित्झर्लंड यांनी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये केवळ हवामान, व्यापार आणि शाश्वतता यांसाठीच एक करार केला. पर्यावरणपूरक वस्तूंवरील जकात उठवणे आणि जीवाश्म इंधनांची अनुदाने आवरणे हे त्याचे विषय आहेत.

आता आपल्या देशाची भूमिका. भारताने दीर्घकाळ पर्यावरणाला व्यापार करारांच्या उंबऱ्याबाहेर ठेवले, आणि त्यामागे तर्क आहे. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याच्या सातव्या तत्त्वात ‘समान, परंतु भिन्न जबाबदारी’ मान्य केलेली आहे. हवेत साठलेल्या वायूंचा मोठा भाग जे देश आधी श्रीमंत झाले त्यांचा आहे, तेव्हा भार सर्वांवर सारखा नसावा, हे ते तत्त्व. त्याच जाहीरनाम्यातील बारावे तत्त्व सांगते की, पर्यावरणाचे निमित्त करून छुपी व्यापारबंधने घालू नयेत. कोळंबीच्या खटल्यात आपण याच भूमिकेवर उभे होतो.

अलीकडे हा उंबरा ओलांडला गेला आहे. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन यांच्याशी भारताने १० मार्च २०२४ रोजी करार केला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात व्यापार आणि शाश्वत विकास असे स्वतंत्र प्रकरण आहे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या करारातही पर्यावरणाचे प्रकरण आहे. या दोन्ही ठिकाणी ती प्रकरणे तंटानिवारणाच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत. मतभेद झाला तर बसून बोलावे, इतकेच. म्हणजे आपण दार उघडले आहे, पण कडी ‘करावे’चीच लावली आहे.

हे शहाणपणाचे आहे काय? येथे आपल्या उद्यमबागेकडे यावे लागते.

युरोपीय संघाने आयात मालामागील कार्बनवर आकारणी करणारा कायदा २०२३ मध्ये केला. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागितली जात होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा काळ सुरू झाला आहे. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, वीज आणि हायड्रोजन हे त्याचे विषय आहेत. ओतीव लोखंडाची प्रत्येक वस्तू त्या यादीत नाही. परंतु ओतीव नळ, नळांचे जोड, नट आणि बोल्ट आहेत. आणि यादी वाढविण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला आहे. पैसे तेथील आयातदाराला भरावे लागतात, हे खरे. परंतु तो हिशेब येथल्या कारखानदाराकडे मागतो. मालासाठी वापरलेल्या कच्च्या लोखंडापासून हा हिशेब सुरू होतो. प्रत्यक्ष आकडे देता आले नाहीत, तर ठरवून दिलेले आकडे धरले जातात, आणि ते सहसा मालाला महाग पाडणारे असतात. येथे कार्बनची किंमत भरली असेल, तर ती वजा होते. मोठ्या पोलाद कंपनीपाशी यासाठी स्वतंत्र खाते असते. चाळीस-पन्नास कामगारांच्या फाउंड्रीत मालक, हिशेबनीस आणि भट्टीवरचा मिस्त्री यांपैकी कोणी हे करावयाचे?

ध्यानात घ्या, की ही आकारणी कोणत्याही व्यापार करारातून आलेली नाही. तो युरोपचा स्वतःचा कायदा आहे. भारत आणि युरोपीय संघ यांच्या कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली, पण करार होतो म्हणून तो कायदा आपल्यासाठी रद्द होत नाही. ब्रिटननेही १ जानेवारी २०२७ पासून अशीच आकारणी योजिली आहे. तेव्हा पर्यावरण कराराबाहेर ठेवले म्हणजे ते टळते, हा समज टिकत नाही. कराराच्या पानावर ज्याला जागा दिली नाही, ते बंदराच्या फाटकावर उभे राहते. कोळंबीच्या वेळी हेच घडले होते. बोलणी झालेल्यांना तीन वर्षे मिळाली, न झालेल्यांना चार महिने.

म्हणून माझे मत असे आहे. पर्यावरणाच्या प्रकरणाला आपण घाबरू नये. त्यातील क्रियापदे दोन्ही बाजूंना सारखी असावीत, असा आग्रह धरावा. आज अशा प्रकरणांत गरीब देशाने नियम पाळण्याची भाषा दृढ असते, आणि तंत्रज्ञान, अर्थसाहाय्य व मुदत देण्याची भाषा ‘सहकार्याचा प्रयत्न करण्यात येईल’ अशी मऊ असते. एका लहान फाउंड्रीला कोकच्या भट्टीऐवजी विजेची भट्टी बसवावयाची, तर तिला भांडवल लागते. ते कोणत्या अटीवर आणि किती वर्षांत, हे ‘करील’ या क्रियापदाने लिहिले गेले पाहिजे. ‘समान, परंतु भिन्न जबाबदारी’ या तत्त्वाला व्यवहारात उतरविण्याची जागा तीच आहे. तसे न होता केवळ आपल्या बाजूचे बंधन पक्के झाले, तर तो पर्यावरणाच्या नावे घेतलेला कर ठरेल आणि त्याला विरोध करणे रास्त होईल.

दुसरी अपेक्षा नागरिकांच्या दाराची आहे. नाफ्टाच्या आयोगापुढे सामान्य माणूस स्वतःच्या सरकारविरुद्ध कागद घेऊन उभा राहू शकत होता. आपल्या करारांत अशी वाट असावी. नदीत सांडपाणी सोडणारा कारखाना निर्यात करतो म्हणून त्याकडे डोळेझाक होत असेल, तर ते सांगण्याचा पहिला हक्क नदीकाठच्या माणसाचा आहे, परदेशातील आयातदाराचा नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्या वाचनालयाच्या कक्षेतली आहे. आपल्या राज्यघटनेनुसार परराष्ट्रांशी करार करण्यासाठी संसदेची पूर्वसंमती आवश्यक नाही. वाटाघाटी बंद दाराआड होतात. ब्रिटनशी झालेल्या कराराची संपूर्ण संहिता सामान्य वाचकाला सह्या झाल्यावरच पाहावयास मिळाली, तीही इंग्रजीत. बाग्वाचा धडा असा की, ज्यांना करार वाचून दाखविला जात नाही, त्यांना तो परिणामांतून वाचावा लागतो. निदान आपल्या उद्योगाशी आणि आपल्या नद्या-जंगलांशी संबंध येणारी प्रकरणे सोप्या, बिनचूक मराठीत आली पाहिजेत. हे काम अर्थशास्त्राचा जाणकार, वकील आणि भाषेचा अध्यापक यांनी एकत्र बसून करण्याचे आहे. ‘करील’च्या जागी अनुवादात ‘करावे’ पडले, तर वाचकाचा हक्कच हरवतो. इतकी जबाबदारी त्या अनुवादात आहे.

शंभर वर्षांपूर्वी या वाचनालयाच्या संस्थापकांनी वर्तमानपत्रे मेजावर मांडली, ती लोकांना राज्यकारभार कळावा म्हणून. आज राज्यकारभाराचा मोठा भाग करारांच्या जाड बाडांत गेला आहे. संदर्भ विभागात एक कपाट अशा संहितांसाठी आणि त्यांच्या मराठी सारांशांसाठी ठेवावे, आणि महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्या वाचनाला द्यावी, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. त्या वाचनाला उद्यमबागेतील कारखानदार आणि कामगार यांनाही बोलवावे. मंडळाने ही सूचना स्वीकारली, तर पहिल्या प्रकरणाच्या अनुवादाचे काम मी आनंदाने अंगावर घेईन.